खुंटीवरचा लसूण

गाडी घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला,
लायसन लागत नाही, नंबर लागत नाही,
पंचविसाच्या वर ती पळतच नाही, भाऊ.
हेल्मेट त्यानं फुकट दिलं,
निघत्या पाहुण्याला टोपी-दुपट्टा द्यावा तसं.
ते डिक्कीत मावलं नाही. तिथं चार्जर होता
आणि कुंदाच्या मसाल्याची पाकिटं.
मग मीच ते खुंटीवर उलटं टांगलं.
आठ दिवसांनी त्यात लसूण.

गाडीला आवाज नव्हता.
कुत्री मागं लागत नसत.
पारावरचे लोक बोलता बोलता दचकायचे,
"बाप्पा! कुंदावयनी, हारन तरी वाजवा!"
तिला मोठी गंमत वाटे.
मांजरावानी जाते माई गाडी, म्हणायची.

ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू गेली नाही.
संत्र्याच्या बगीच्यातून ट्रॉली उलटी घेत होता,
डेक मोठ्यानं लावून. मागं दिवा नाही,
रेडियमची पट्टी नाही.
हिनं ब्रेक दाबला, हँडल वळवलं, कलंडली.
पडली म्हणावं असंही नाही.
उभी बाई बसावी, बसलेली आडवी व्हावी,
एवढंच.
डोकं जिथं टेकलं
तिथं पुलियाचा कठडा होता.

उठली. पदर झटकला. पाकिटं मोजली:
एकवीस होती, वीस भरली,
एक नालीत दिसलं, तेही उतरून काढलं.
घरी येऊन चहा ठेवला.
"काही नाही झालं जी, टेंगूळ आहे जरासं."
मी त्यावर हळद लावली.
हळद!
बाहेरून.

दिवेलागणीला तिनं मला
माझ्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली.
मग ओकारी. मग एका डोळ्याची बाहुली
दुसऱ्यापेक्षा मोठी.
एकशे आठ आली ती पाऊण तासानं.
अमरावतीच्या डॉक्टरनं फिल्म उजेडावर धरली.
कवटीच्या आत, म्हणाला,
रक्ताला सांडायला जागाच नसते.
मला आमची डिक्की आठवली.

वाचली. केस परत आले, टाक्यांवर पांढरे.
नावंही परत आली,
वीटभट्टीवर गेलेली माणसं गावात येतात तशी,
कोणी आधी, कोणी मागाहून,
एखादं अजून वाटेतच.
वास मात्र आला नाही.
आपटलं की मेंदू आतल्या आत घसरतो म्हणे,
नाकाकडून येणारे बारीक धागे
पेळू ओढावा तसे तुटतात.
ते काही जोडता येत नाहीत.

आंबिया बहार फुलला तेव्हा
अख्खं गाव दारं उघडी टाकून झोपलं.
अंगणात ती म्हणाली, सांगा ना, कसा येते.
मी सांगायला गेलो. गोड, म्हणालो.
पुढं काही सुचलं नाही.
जन्मभर नाकानं घेतलेलं
तोंडानं देता येत नाही.

आता मसाला भाजताना ती कढईपाशी, मी बाजूला.
"झालं?" "नाही." "झालं?" "थांब."
खसखस माझ्यापायी दोनदा करपली.
दगडफूल तर मला कळतच नाही.
गिऱ्हाईक विचारतात, हात बदलला काय, कुंदाबाई?
हात तोच आहे, म्हणते. नाक बदललं.

गाडी विकू म्हटलं, तर नाही म्हणाली.
लसूण परातीत ओतला.
हेल्मेट दोन दिवस निरम्याच्या पाण्यात,
एक दिवस कवेलूवर उन्हात.
पट्टा मी लावून देतो हनुवटीखाली,
एक बोट जाईल एवढाच ढिला.
पण त्याचा लसणाचा वास काही सुटत नाही.
रोज निघताना विचारते,
"गेला का?"
मी वाकतो, तिच्या कपाळाशी
खोल श्वास घेतो.
आहे, म्हणतो. आहे थोडा.